स्वाक्षरी, क्रीडापटूंची : बनावटीची पारख

क्रीडापटूने स्वतः केलेली नसताना त्याची म्हणून विकली जाणारी सही म्हणजे बनावट क्रीडा-स्वाक्षरी. बॅट, चेंडू, हातमोजे, जर्सी, छायाचित्रे, संघाच्या सह्यांचे कागद आणि सामन्यांची तिकिटे यांवर अशा सह्या आढळतात. साध्या वस्तूची किंमत एका सहीमुळे अनेक पटींनी वाढते आणि सही होताना खरेदीदार बहुधा हजर नसतो. बनावटीचा धंदा या दोन गोष्टींवर चालतो. पारख करताना सहीची रेघ, शाई, वस्तू आणि मालकीचा माग या चार बाबी एकमेकींशी ताडून पाहतात. एका बाबतीतही उलगडा न होणारी विसंगती निघाली तर दावा फेटाळला जातो. चारही बाबी जुळल्या तर सही खरी असण्याची शक्यता वाढते, एवढेच म्हणता येते.

प्रकार : सर्वांत जास्त आढळते ती सराव करून हुबेहूब काढलेली सही. खऱ्या सहीवर कागद ठेवून गिरवलेली सही हा दुसरा प्रकार. नामवंत फलंदाजाच्या नावाने बाजारात आलेल्या बॅटवर कारखान्यातच त्याच्या सहीची प्रतिकृती छापलेली असते. ती फसवणूक नसते, मात्र पुढे एखादा विक्रेता तीच हातची सही म्हणून विकतो. रबरी शिक्का आणि ऑटोपेन म्हणजे सही करणारे यंत्र यांचाही वापर होतो. याशिवाय चाहत्यांच्या पत्रांना उत्तर देताना सचिवाने किंवा घरच्यांनी केलेल्या सह्या असतात. अमेरिकन बेसबॉलमध्ये ड्रेसिंग रूममधील नोकरांनी खेळाडूंच्या वतीने चेंडूंवर सह्या केल्याची उदाहरणे आहेत. त्यांना ‘क्लबहाउस सही’ म्हणतात. अशी सही त्याच काळातल्या चेंडूवर, त्याच काळातल्या शाईने केलेली आणि संघाकडूनच आलेली असते. त्यामुळे ती केवळ वळणावरून ओळखावी लागते.

रेघेची तपासणी : रोजची सही माणूस न थांबता, सवयीने करतो. पेन कागदाला टेकण्यापूर्वीच हात चालू झालेला असतो, म्हणून खऱ्या सहीची सुरुवात आणि शेवट निमुळते असतात. वेगानुसार रेघ कुठे दाट तर कुठे फिकी होते. नक्कल करणारा मात्र अक्षर काढत नसतो, तर चित्र काढत असतो. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली त्याच्या रेघेत बारीक कंप, वळणावरचे थांबे, नको तिथे उचललेले पेन आणि बोथट टोके दिसतात. रेघेची जाडी सगळीकडे सारखीच असते. एखादे वळण चुकल्यामुळे वरून पुन्हा गिरवलेले असेल तर संशय बळावतो. गिरवलेल्या सहीखाली कधी कधी पेन्सिलीची खूण किंवा दाबाची चरी सापडते. तिरपा उजेड टाकल्यास ती स्पष्ट होते.

छापील सही भिंगाखाली लगेच उघडी पडते. छायाचित्रासह छापलेली असेल तर रेघ बारीक ठिपक्यांची बनलेली दिसते, आणि रेघा एकमेकींना छेदतात तिथे शाईचा थर वाढलेला नसतो. शिक्क्याच्या सहीत शाई कडांना साचते व मध्ये फिकी राहते. ऑटोपेनची रेघ एकाच दाबाची असते आणि तिच्या सुरुवातीला व शेवटी अनेकदा शाईचा ठिपका पडतो. कोणताही माणूस दोन सह्या तंतोतंत सारख्या करत नाही. म्हणून दोन सह्या एकमेकींवर ठेवल्यावर मिलिमीटरही ढळत नसतील तर त्या यंत्राच्या, गिरवलेल्या किंवा छापील असतात.

तुलना नेहमी त्याच काळातल्या खात्रीच्या सह्यांशी करतात. सही वयानुसार, घाईनुसार आणि प्रकृतीनुसार बदलते. मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांना १९८४ मध्ये पार्किन्सनसदृश विकाराचे निदान झाले आणि त्यांची सही पुढे आखडत गेली. त्यामुळे त्यांच्या उत्तरायुष्यातील सहीतला कंप हा बनावटीचा पुरावा ठरत नाही. उलट त्या काळातली म्हणून दाखवलेली ठसठशीत, सफाईदार सहीच संशयास्पद ठरते. त्यांनी हे नाव मार्च १९६४ मध्ये घेतले. म्हणून १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मिळालेली म्हणून सांगितली जाणारी ‘मुहम्मद अली’ ही सही त्या वेळची असू शकत नाही. तेव्हा ते कॅशियस क्ले होते.

शाई व वस्तूचा काळ : अमेरिकेच्या बाजारात बॉलपेन ऑक्टोबर १९४५ मध्ये आले. क्रिकेटपटू रणजितसिंहजी १९३३ मध्ये आणि बेसबॉलपटू लू गेरिग १९४१ मध्ये वारले. त्यांच्या नावाची बॉलपेनची सही पाहताच बाद होते. बेसबॉलपटू बेब रूथ १९४८ मध्ये वारले. १९६० च्या दशकात रुळलेल्या मार्करने केलेली त्यांची सहीही अशीच अशक्य ठरते. बेसबॉलच्या अमेरिकन लीगच्या अधिकृत चेंडूवर लीगच्या अध्यक्षाचे नाव छापलेले असे. जो क्रोनिन १९५९ मध्ये अध्यक्ष झाले, म्हणून त्यांच्या नावाच्या चेंडूवर रूथ यांची सही असूच शकत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कागदात शुभ्रता वाढवणारी रसायने मिसळू लागले. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो, त्यामुळे १९३० च्या एखाद्या दौऱ्यातला म्हणून दाखवलेला चमकणारा कागद संशयास्पद ठरतो. जुने, कोरे कागद मिळवून त्यांवर सही करणारे लबाड मात्र या कसोटीत सापडत नाहीत.

जर्सीच्या बाबतीत सही खरी आणि दावा खोटा असेही घडते. कसोटी सामन्यांतील पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर नाव व क्रमांक २०१९ च्या अ‍ॅशेस मालिकेपासून आले. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकर शेवटची कसोटी खेळले, त्या सामन्यात वापरलेला म्हणून पाठीवर नाव-क्रमांक असलेला शर्ट कोणी दाखवला तर तो दावा टिकत नाही. खेळाडूने अशा शर्टावर पुढे कधीतरी सही केलेली असू शकते. त्यामुळे शर्ट सामन्यात वापरलेला ठरत नाही आणि त्याची किंमतही तेवढी होत नाही.

मालकीचा माग व प्रमाणपत्र : सही कुठे, केव्हा, कोणासमोर झाली आणि वस्तू कोणाकोणाच्या हातून आली याचा लेखी माग असणे महत्त्वाचे असते. मूळ पत्र, पाकीट, त्यावरचा टपालाचा शिक्का, जुन्या लिलावाची सूची आणि सही करतानाचे छायाचित्र उपयोगी पडते. छायाचित्रातली वस्तू हीच आहे ना, हे लाकडाच्या रेषा, शिवण किंवा डाग जुळवून पाहतात. एकाच विक्रेत्याकडे दुर्मीळ सह्यांचा न संपणारा साठा असणे, अनेक खेळाडूंच्या सह्या एकाच पेनाने व एकाच हाताच्या दाबाने झालेल्या दिसणे आणि किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी असणे ही सावध होण्याची लक्षणे आहेत.

विक्रेत्याने स्वतः छापलेल्या प्रमाणपत्राला त्याच्या शब्दाइतकेच वजन असते. अमेरिकेत पीएसए, जेएसए आणि बेकेट या संस्था शुल्क घेऊन स्वतंत्र मत देतात. त्यांच्या प्रमाणपत्राचा क्रमांक संस्थेच्या नोंदीत शोधून तिथले वर्णन हातातल्या वस्तूशी जुळवावे लागते, कारण स्टिकर आणि क्रमांकही नकली बनतात. सही झाल्यानंतर दिलेले मत आणि सही होताना साक्षीदाराने केलेली नोंद यांत दुसरी अधिक भक्कम मानतात. बेसबॉलच्या मेजर लीगने २००१ पासून सामन्यांच्या ठिकाणीच वस्तूंची नोंद करून क्रमांकित होलोग्राम लावण्याची पद्धत सुरू केली.

या व्यवस्थेमागे अमेरिकेतील मोठ्या फसवणुकींचा अनुभव आहे. सॅन डिएगो बेसबॉल संघाचे फलंदाज टोनी ग्विन यांना आपल्या नावाच्या खोट्या सह्या संघाच्याच दुकानात आढळल्या. एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत ऑक्टोबर १९९९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात छापे घालून मोठी टोळी पकडली. ती खोट्या सह्यांसोबत प्रमाणपत्रेही पुरवत असे. तिच्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलही होते.

कायदा : कॅलिफोर्नियात सही असलेली क्रीडावस्तू विकताना प्रमाणपत्र देण्याचे बंधन १९९० च्या दशकात आले व २०१७ मध्ये ते इतर क्षेत्रांतील सह्यांनाही लागू झाले. भारतात सह्यांच्या विक्रीसाठी असा वेगळा कायदा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३१८ (फसवणूक) आणि कलम ३३६ (बनावटीकरण) यांखाली तक्रार करता येते. विक्रेत्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. त्यासाठी खेळाडूचे नाव, वस्तूचे वर्णन आणि ‘सही अस्सल’ हे शब्द असलेले बिल, तसेच स्वतंत्र तपासणीत सही खोटी ठरल्यास पैसे परत देण्याची लेखी हमी खरेदीच्या वेळीच घेणे उपयोगी ठरते.