नोंद नसलेल्या आजीची बखर

शेतकरी कुटुंबाचा इतिहास लिहावयाचा म्हटला, तर साधनांची वाण सहसा पडत नाही. मोजणीचे नकाशे असतात, सात-बाराचे उतारे असतात, फेरफाराच्या नोंदी, सावकाराची खाती, सोसायटीच्या कर्जवह्या असतात. कोणत्या वर्षी वाटण्या झाल्या, विहीर कधी खणली, कोणते शेत गहाण पडले आणि कोणते सुटले, हे त्यांवरून सांगता येते. परंतु कोंबडा आरवण्याआधी उठून जात्यावर बसणारी, भाकरीची चवड शेतावर पोहोचविणारी, बी निवडून राखेत मुरवून ठेवणारी आणि घरातल्या सर्वांच्या पाठीमागून जेवणारी बाई या कागदांत शोधूनही सापडत नाही. विवाहात तिचे माहेरचे नाव पालटते, पुढे ती कोणाची आई होते आणि अखेरीस नुसती ‘आजी’ उरते. दोन पिढ्या उलटल्या की तिचे मूळ नावही घरातल्यांना आठवेनासे होते.

कागदाने जिची दखल घेतली नाही, तिचा इतिहास मग कोठे शोधावयाचा? या प्रश्नाचे मराठीतील सर्वांत ठळक उत्तर बहिणाबाई चौधरी यांच्या आयुष्याने दिले आहे. त्यांच्याकडे प्रतिभावंत कवयित्री म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु त्याआधी त्या खानदेशातील एका शेतकरी घरातल्या लेक, सून, विधवा, आई आणि आजी होत्या, आणि त्यांची गाणी ही त्या जगण्याची बखर आहे, ही गोष्ट कवितेच्या कौतुकात मागे पडते.

बहिणाबाईंचा जन्म १८८० मध्ये जळगावजवळील आसोदे या गावी महाजनांच्या घरात झाला. वडील उखाजी, आई भिमाई. भावाबहिणींनी भरलेले ते घर होते. तो काळ खानदेशात कापसाचा होता. १८६० नंतरच्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाला भाव आणला, आणि ज्वारी-बाजरी पिकविणारा कुणबी दूरच्या बाजारपेठेशी बांधला गेला. शतक संपता संपता दुष्काळ आला, आणि मुंबईत १८९६ साली उद्भवलेला प्लेग पुढे गावोगाव पोहोचला. इतिहासग्रंथांत या घटना आकड्यांनी येतात. शेतकऱ्याच्या घरात त्या माणसांच्या रूपाने येत.

वयाच्या तेराव्या वर्षी बहिणाबाई जळगावच्या चौधरी घराण्यात नथूजी खंडेराव चौधरी यांच्या पत्नी म्हणून आल्या. कुटुंब मोठे, काम त्याहून मोठे. काशी ही मुलगी, ओंकार आणि सोपान हे मुलगे. तिशीच्या सुमारास पतीचे निधन झाले. पुढे प्लेगने ओंकारला कायमचे अपंगत्व आले. त्या काळी एकत्र कुटुंबातील हिंदू विधवेला पोटगीपलीकडे विशेष हक्क नव्हता. विधवेला पतीच्या संपत्तीत मर्यादित वाटा देणारा पहिला कायदा १९३७ साली झाला आणि वारसाहक्काचा व्यापक कायदा १९५६ साली आला. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या. म्हणजे ज्या मातीवर त्यांनी आयुष्यभर हात चालविला, त्या मातीवर स्त्रीचा पुरता हक्क मान्य करणारा कायदा त्यांच्या हयातीत झालाच नाही. आपल्या वैधव्याविषयी त्यांनी गाण्यात जे म्हटले आहे, त्यात रडगाणे नाही. कपाळीचे कुंकू पुसले तरी गोंदण राहिले, एवढ्यावर त्या दैवाला उत्तर देतात, आणि हात पाहून भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषाला दारावरूनच परत पाठवितात. ज्या बाईला मुलांचे पोट भरावयाचे आहे, तिला भविष्य ऐकण्यास सवड नसते.

ही गाणी बसून रचलेली नाहीत. दळता-कांडताना, निंदणी-खुरपणी करताना, शेताची वाट चालताना ती ओठांवर आली. त्यामुळे त्यांत शेतीचे सारे वर्षचक्र उतरले आहे. पेरणी, कापणी, मळणी, उफणणी यांची गाणी आहेत. मोट हाकणाऱ्याचे गाणे आहे. पोळ्याला बैलाची कृतज्ञतेने केलेली विचारपूस आहे, गुढीपाडवा आहे, आणि खानदेशच्या सासुरवाशिणींना वर्षातून एकदा झोका आणि मोकळा श्वास देणारी आखजी आहे. वाऱ्याची वाट पाहत सुपातले धान्य उंच धरणारी उफणणी आज यंत्राने नाहीशी केली आहे. ती कशी होत असे, वारा पडला म्हणजे खळ्यावर माणसाचा जीव कसा टांगणीला लागे, हे एखाद्या गॅझेटियरपेक्षा त्या गाण्यातून अधिक नेमके कळते. बोली लेवा समाजाची, खानदेशी मातीची. या बोलीतील शेतीचे शब्द अन्यत्र फारसे लिहिले गेले नव्हते. ते या गाण्यांनी जपले.

आजी या नात्याचा अर्थ उलगडणारे स्थळ त्यांच्या माहेरावरील गाण्यात येते. सासरी नांदावयाचे असता माहेरचे एवढे गुणगान कशासाठी, असे एक योगी विचारतो. त्यावर सासुरवाशीण उत्तरते, की लेकीला माहेर मिळावे म्हणूनच आई सासरी नांदत असते. या उत्तरात शेतकरी घराची सारी वंशावळ उलटी वाचली गेली आहे. सात-बाराच्या उताऱ्यात घर बापाकडून मुलाकडे जाते. या गाण्यात ते आईकडून लेकीकडे जाते, आणि एकीचे सासर हे दुसरीचे माहेर ठरते. आजी ही त्या माळेची आठवणीत उरलेली सर्वांत जुनी ओवण आहे. तिने सोसले म्हणून पुढचीला येण्यास दार उरले. निष्ठा या शब्दाचा अर्थ येथे नुसती आज्ञाधारकता नव्हे. पुढच्या पिढीसाठी जागा धरून ठेवणे हा तो अर्थ होय.

ही गाणी आपल्यापर्यंत पोहोचली, तो योगायोगच म्हणावा लागेल. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. सोपानदेवांनी शाळेच्या पुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा वाचून दाखविली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तिचे गाणे केलेले त्यांनी ऐकले. तेव्हापासून ते आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी गाणी वहीत टिपण्यास सुरुवात केली. मुलगा स्वतः कवी झाला, तरी आईची वही घरातच राहिली. तिच्या निधनानंतर ती आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडली. हे सोने महाराष्ट्रापासून लपवून ठेवू नये, असा आग्रह त्यांनी धरला, आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. पुस्तक हाती घेण्यास त्या उरल्या नव्हत्या. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटामुळे त्यांचे शब्द घरोघरी गेले, आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. अक्षर न शिकलेल्या बाईचे नाव आज पदव्यांच्या प्रमाणपत्रांवर छापले जाते.

या योगायोगाला एक विलक्षण पूर्वसूचना आहे. छापखान्यावरील त्यांचे एक गाणे प्रसिद्ध आहे. कोरा कागददेखील छापून निघाला म्हणजे शहाणा होतो, माणूस मात्र आहे तसा अजाणच राहतो, असे त्या तेथे म्हणतात. यातला चिमटा साक्षरांना आहे, आणि त्यात आपण वाचू शकत नाही ही रुखरुखही असावी. छापील शब्दाची सत्ता त्यांनी ओळखली होती. मात्र त्या सत्तेच्या बाहेर किती गाणी राहिली, याची मोजदाद कोणापाशी नाही. वही उघडण्यापूर्वीच्या वर्षांत जे गाइले गेले, ते शेतातल्या वाऱ्याबरोबर गेले. आणि ज्या आजींच्या घरी लिहून घेणारा सोपान नव्हता, त्यांचे तर सारेच गेले.

सारे मात्र गेले नाही. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये स्त्रियांच्या ओव्या एकत्र केल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे त्यांची भांडारे उभी केली. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राइरकर यांनी हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांपैकी अनेकींच्या गळ्यातला सूरही ध्वनिमुद्रित झाला. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या तोंडची सीतेच्या वनवासाची ओवी ऐकली, म्हणजे रामायणाची कथा आणि बाईचा अनुभव यांत कोठे शिवण आहे, हे शोधूनही सापडत नाही. या ओव्यांना बव्हंशी एकच एक कर्ती नसते. आईने लेकीच्या ओठांवर दिलेल्या ओळीत लेक आपली ओळ मिसळते. म्हणून बहिणाबाई अपवाद आहेत खऱ्या, परंतु परंपरेपासून तुटलेल्या नाहीत. हजारो अनामिक आजींच्या परंपरेतील त्यांचा एक शिक्कामोर्तब झालेला आवाज आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. पिठाची गिरणी आली तेव्हा जात्याबरोबर ओवीही सरली, याची हळहळ शहरी वाचकाला वाटते. परंतु जाते ओढण्यात रोज पहाटेची झोप, खांद्याची ताकद आणि हातांची कातडी खर्ची पडत असे. गिरणीने बाईच्या माथ्यावरचा एक भार उतरविला. आजीने गाणे केले ते कष्ट गोड होते म्हणून नव्हे. कष्ट सोसावे लागत होते, आणि सोसताना बोलण्यास दुसरे कोणी नव्हते, म्हणून केले. कष्टाचे कौतुक करून तिची आठवण काढणे हे तिला दुसऱ्यांदा कामाला जुंपण्यासारखे होईल. तिच्या वाट्याला जमिनीचा तुकडा का आला नाही, हे विचारणे ही तिची खरी आठवण होय. १९८६ च्या चांदवडच्या शेतकरी महिला मेळाव्यानंतर शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, आणि बायकोच्या नावे जमीन करावी असे शेतकऱ्याला सांगितले. १९९४ साली महाराष्ट्राने लेकीला वडिलोपार्जित संपत्तीत वाटा देणारी सुधारणा केली. या घटना बहिणाबाईंनंतर बऱ्याच वर्षांनी घडल्या. तरी त्यांच्या गाण्यांतून वर आलेल्या प्रश्नाशीच त्यांचे नाते आहे.

जळगावच्या जुन्या चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातील वस्तू जपून ठेवलेल्या आहेत. घरातल्या पुढच्या पिढीने, विशेषतः नातसुनेने, त्या सांभाळल्या. पुस्तक मुलाने केले, वस्तू नातसुनेने राखल्या. कागदावर नसलेल्या बाईची आठवण अशा दोन हातांनी पुढे आली, आणि त्यांतला दुसरा हात पुन्हा सासरी आलेल्या एका बाईचाच होता. लेकीच्या माहेरासाठी आईने सासरी नांदावे, या गाण्यातल्या उत्तरात सूनही बसते, हे या वाड्याने दाखविले.

शेतकऱ्याच्या प्रत्येक घरात अशी एक आजी होऊन गेलेली असते. तिच्या घरी वही नसेल, गाणे नसेल, जातेही कधीचे मोडीत गेले असेल. तरी तिचे माहेर कोणते, लग्नाआधीचे नाव काय, तिने कोणत्या दुष्काळात काय खाऊन मुले जगविली, हे सांगणारे एखादे माणूस अजून घरात असते. ते आहे तोवरच ते विचारून घेणे आणि लिहून ठेवणे हे इतिहासाचे काम आहे. अभ्यासकाने ते लिहिले नाही, तर सात-बाराचा उतारा तिच्याविषयी काहीच बोलणार नाही, आणि कोरा कागद कोराच राहील.