जुन्या हाय-फाय स्पीकरसाठी विवर्धकाची निवड

जुन्या हाय-फाय स्पीकरसाठी विवर्धकाची, म्हणजेच ॲम्प्लिफायरची, निवड करताना निर्वात नलिकांवर (व्हॉल्व्हवर) चालणारा आणि ट्रान्झिस्टरवर चालणारा असे दोन मुख्य पर्याय उपलब्ध असतात. स्पीकरची संवेदनशीलता, त्याचा संरोध आणि त्याला सोसवणारा कमाल विद्युत्‌दाब या तीन बाबींवर ही निवड अवलंबून असते. अनेक जुन्या स्पीकरांचे मूळ सुटे भाग आता मिळत नसल्यामुळे चुकीच्या जोडणीने झालेले नुकसान बहुधा भरून निघत नाही.

पार्श्वभूमी

१९४७ साली डी. टी. एन. विल्यमसन यांनी 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात प्रसिद्ध केलेला नलिका-विवर्धक घरगुती उच्च प्रतीच्या ध्वनीसाठी आदर्श मानला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला. मात्र ट्रान्झिस्टर विवर्धक घरोघरी पोहोचण्यास १९६० चे दशक उजाडले. त्यामुळे त्यापूर्वीचे स्पीकर नलिका-विवर्धक गृहीत धरूनच घडवले गेले.

संवेदनशीलता आणि शक्ती

एक वॅट शक्ती दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल ध्वनी मिळतो, यावरून स्पीकरची संवेदनशीलता ठरते. १९४६ मध्ये आलेल्या क्लिप्शहॉर्न या कर्णा-पद्धतीच्या स्पीकरची संवेदनशीलता शंभर डेसिबलहून अधिक सांगितली जाते. बीबीसीने विकसित केलेल्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरची ती सुमारे ८२ ते ८३ डेसिबल आहे. ध्वनीपातळी ३ डेसिबलने वाढवण्यासाठी सुमारे दुप्पट आणि २० डेसिबलने वाढवण्यासाठी शंभरपट शक्ती लागते. म्हणूनच पहिल्याला काही वॅटचा नलिका-विवर्धक पुरतो, तर दुसऱ्याला तो अपुरा पडतो.

संरोध

नलिका-विवर्धकाच्या शेवटी रोहित्र असते आणि त्याला बहुधा ४, ८ व १६ ओहमची स्वतंत्र टोके असतात. त्यामुळे जुन्या ब्रिटिश १५ ओहमच्या स्पीकरलाही पूर्ण शक्ती मिळते. ८ ओहमला ५० वॅट देणारा ट्रान्झिस्टर विवर्धक १६ ओहमला साधारण निम्मीच शक्ती देतो. याउलट, अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या एआर-३ सारख्या ४ ओहमच्या, कमी संवेदनशील स्पीकरसाठी ४ ओहमचा भार पेलणारा सशक्त ट्रान्झिस्टर विवर्धक सोयीचा ठरतो.

नलिका-विवर्धकाचा अंतर्गत रोध तुलनेने जास्त असतो. त्यामुळे शंकूच्या कंपनांवरील त्याचे नियंत्रण सैल राहते आणि स्पीकरचा संरोध कंप्रतेनुसार बदलतो तसा ध्वनीचा तोलही किंचित बदलतो. ज्याला नलिकांचा 'उबदार' आवाज म्हणतात, त्याचे हे एक कारण आहे.

धोके

क्वाड कंपनीचा १९५७ चा स्थिरविद्युत स्पीकर हे या विषयातील नेहमीचे उदाहरण. त्याला सुमारे ३३ व्होल्टपेक्षा अधिक शिखरदाब दिल्यास आत ठिणगी पडून पातळ पटल निकामी होऊ शकते. त्याच कंपनीच्या १५ वॅटच्या 'क्वाड टू' या नलिका-विवर्धकासोबत किंवा १९६७ च्या ४५ वॅटच्या '३०३' या ट्रान्झिस्टर विवर्धकासोबत तो वापरला जात असे. ८ ओहमला १०० वॅट देताना शिखरदाब ४० व्होल्ट होतो. म्हणून १९७५ च्या '४०५' या विवर्धकासोबत दाबमर्यादक आवश्यक ठरतो.

कमी शक्तीचा विवर्धकही निर्धोक नसतो. क्षमतेपलीकडे वाजवल्यास ध्वनिलहरींची शिखरे छाटली जातात आणि त्यातून उच्च कंप्रतेची ऊर्जा वाढून ट्वीटर जळू शकतो. नलिकांमध्ये ही छाटणी बहुधा सौम्यपणे सुरू होते, ट्रान्झिस्टरमध्ये एकाएकी. शिवाय ट्रान्झिस्टर विवर्धक बिघडल्यास एकदिश प्रवाह थेट स्पीकरच्या वेटोळ्यात जाण्याची शक्यता असते. नलिका-विवर्धकातील रोहित्र तो अडवते.

देखभाल

नलिका झिजतात व ठरावीक काळाने बदलाव्या लागतात. स्पीकर न जोडता नलिका-विवर्धक वाजवल्यास त्याचे रोहित्र जळू शकते. ट्रान्झिस्टर विवर्धकाच्या बाबतीत स्पीकरच्या तारा एकमेकींना टेकणे घातक ठरते. नलिका-विवर्धकात शेकडो व्होल्ट दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो धारित्रांमध्ये साठून राहू शकतो. त्यामुळे त्याची दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घेणे आवश्यक असते. दोन्ही प्रकारच्या जुन्या यंत्रांतील धारित्रे कालांतराने निकामी होतात. म्हणून अशी यंत्रे मौल्यवान स्पीकरला जोडण्यापूर्वी तपासून घेतली जातात.