न खणलेल्या चराचा हिशेब

रस्त्याचे डांबरीकरण नुकतेच पूर्ण झालेले असते, आणि महिन्याभरात कोणीतरी तो पुन्हा खणायला घेते. हा अनुभव आपल्याला इतका सवयीचा आहे की त्यावरचे विनोदही आता शिळे झाले आहेत. पण जमिनीखालचे गटार जुने झाले, तर वरचा रस्ता खणायलाच हवा का? या प्रश्नाचे एक चांगले उत्तर १९७१ साली लंडनमध्ये मिळाले. त्याची हकीकत आणि त्यामागचे गणित या लेखात पाहू या.

सुरुवात थोडी मागे जाऊन करावी लागेल. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीची दुर्गंधी इतकी वाढली की काठावरच्या संसदेत बसणे सभासदांना असह्य झाले. त्यानंतर अभियंता जोसेफ बॅझलजेट यांच्या देखरेखीखाली शहराखाली मोठी गटारे बांधली गेली. त्या काळात गल्लीबोळांतली बरीच गटारेही विटांची असत. त्यांपैकी अनेकांचा छेद अंड्यासारखा, निमुळती बाजू खाली, असा होता. पाणी थोडे असले तरी अरुंद तळामुळे त्याची खोली आणि वेग टिकतो, गाळ बसत नाही. मुंबईतही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी अंडाकार गटारे बांधली गेली.

वीट टिकते, पण विटांमधला चुना किंवा सिमेंट झिजते. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. ओलसर छतावर जिवाणू त्याचे सल्फ्यूरिक आम्ल बनवतात आणि ते सांधे खाते. मग भूजल आत झिरपते, त्याबरोबर माती येते, गटाराच्या वर पोकळी तयार होते आणि एके दिवशी रस्ता खचतो. असे गटार बदलायचे म्हणजे खोल चर खणणे आलेच. जुन्या नळात थोडा लहान नवा नळ सरकवण्याची युक्ती माहीत होती. पण तिने वाहण्याची जागा बरीच कमी होते, आणि अंडाकार गटारात गोल नळ नीट बसतही नाही.

एरिक वूड या इंग्रज अभियंत्याने वेगळा विचार केला. नळ बाहेर तयार करून आत घालण्याऐवजी तो आतच घडवला तर? पॉलिएस्टरच्या नमद्याची, म्हणजे जाड दाबलेल्या कापडाची, लांब नळी त्याने शिवली आणि द्रव रेझिनमध्ये भिजवली. ही मऊ नळी गटारात ओढून आतून फुगवली की ती भिंतीला चिकटून बसते. रेझिन घट्ट झाले की तिचाच नळ होतो. १९७१ साली पूर्व लंडनमधल्या हॅकनी भागात सुमारे शंभर वर्षे जुन्या, विटांच्या अंडाकार गटाराला त्याने असे अस्तर लावले. लांबी होती सुमारे ७० मीटर आणि अस्तराची जाडी अवघी ६ मिलिमीटर. 'जागच्या जागी' या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून या पद्धतीला 'इनसिटूफॉर्म' असे नाव पडले.

पुढे पद्धतीत एक सुंदर सुधारणा झाली. नळी ओढण्याऐवजी तिचे एक तोंड मॅनहोलपाशी पक्के बांधायचे आणि वरून पाणी सोडायचे. उशीचा अभ्रा उलटा करावा तशी नळी पाण्याच्या दाबाने उलटत आत जाते आणि तिची रेझिन लावलेली बाजू आपोआप भिंतीकडे येते. मग तेच पाणी तापवायचे. उष्णतेने रेझिनच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींशी जोडल्या जातात आणि ते कायमचे कडक होते. घरांकडून येणाऱ्या जोडण्यांची बुजलेली तोंडे आतून यंत्राने कापून पुन्हा उघडतात.

आता खर्चाकडे वळू. १०० मीटर लांब, ४ मीटर खोल आणि दीड मीटर रुंद चर घेऊ. त्यातून ६०० घनमीटर माती निघेल. तिचे वजन सुमारे हजार टन, म्हणजे दहा टनी ट्रकच्या शंभर खेपा. आता आतला नळ ६०० मिलिमीटर व्यासाचा आणि अस्तर ९ मिलिमीटर जाडीचे धरू. अस्तराचे एकूण घनफळ येते सुमारे १.७ घनमीटर. रेझिन महाग असते, आणि तेवढीच माती रेझिनच्या तुलनेत जवळजवळ फुकटच. पण १.७ च्या जागी ६०० घनमीटर हलवायचे म्हटले की पारडे फिरते. वाचणारा पैसा नळाचा नसतो, तो न खणलेल्या चराचा असतो.

यातूनच एक नियम हाती येतो. चर जितका खोल, तितका कडेचा आधार आणि पाण्याचा उपसा वाढतो, तसा खर्चही वाढतो. अस्तराचा खर्च मात्र खोलीने फारसा बदलत नाही. म्हणून खोल गटार आणि गजबजलेला रस्ता असेल तिथे बचत मोठी. मोकळ्या माळावर, हातभर खोलीवरच्या नळासाठी मात्र कुदळच स्वस्त पडते. आणि पार कोसळलेल्या गटाराला अस्तर लावताच येत नाही.

अस्तराने जागा कमी होऊन प्रवाह घटत नाही का? व्यास ६०० वरून ५८२ मिलिमीटर होतो. गटार भरून वाहते तेव्हा प्रवाह व्यासाच्या ८/३ घाताच्या प्रमाणात आणि खडबडीतपणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. व्यासामुळे प्रवाह सुमारे ८ टक्क्यांनी घटतो. पण खडबडीतपणाचा अंक जुन्या विटांसाठी ०.०१५ आणि गुळगुळीत अस्तरासाठी ०.०११ धरला, तर एकूण प्रवाह उलट सुमारे २५ टक्क्यांनी वाढतो!

१९७६ मध्ये ही पद्धत अमेरिकेत पोहोचली. १९७७ मध्ये तिथे मिळालेल्या मूळ पेटंटची मुदत १९९४ मध्ये संपली. मग अनेक कंपन्या या कामात उतरल्या आणि स्पर्धेने दर उतरले. आपल्याकडे दिल्ली-मुंबईतल्या जुन्या गटारांनाही अशी अस्तरे लावली गेली आहेत.

पण हिशेब पुरा करायचा तर दुसरी बाजूही मांडायला हवी. काही ठिकाणी पाण्याऐवजी वाफेने रेझिन पक्के करतात. बाहेर पडणारा पांढरा ढग म्हणजे निव्वळ वाफ, असे समजले जाई. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा ठिकाणी केलेली मोजमापे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या ढगात स्टायरीनसारखी रसायने असल्याचे दिसले. शिवाय अस्तरापूर्वी गटार साफ करावे लागते. ती सफाई यंत्राने न करता माणूस उतरवून केली, तर वाचलेले पैसे कोणाच्या जिवावर वाचले, हे विचारायलाच हवे.

चर खणला की दुकानदाराचा धंदा बुडतो, शाळेची बस अडकते, खोल चरात काठ ढासळून मजूर दगावू शकतो. यातले काहीच नगरपालिकेच्या निविदेत नसते. म्हणून कागदावर खणणे असते त्यापेक्षा स्वस्त दिसते. त्याचप्रमाणे, वाफेजवळ उभ्या राहणाऱ्या कामगाराचा श्वासही निविदेत नसतो, आणि त्यामुळे अस्तरही असते त्यापेक्षा स्वस्त दिसते.

आपल्या शाळेजवळ चर खणला गेला, तर विद्यार्थ्यांना सुरक्षित अंतरावरून त्याच्या लांबी-रुंदी-खोलीचा अंदाज करायला सांगावे. मातीचे घनफळ काढावे, ट्रकच्या खेपा मोजाव्यात, आणि शेवटी एक यादी करावी: या कामाची किंमत कोण कोण मोजते आहे? आमच्या मते, गणिताच्या तासाला इतके चांगले उदाहरण दारात क्वचितच येते.