सही माझीच होती

कोलकात्याच्या पोस्टिंगमध्ये पहाटे धावताना रस्त्याकडेच्या हायड्रंटमधून गढूळ पाणी उसळताना दिसे. हे हुगळीचे, न गाळलेले पाणी. इंग्रजांनी 19व्या शतकात पिण्याचे पाणी पलत्याहून आणले. रस्ते धुण्यासाठी आणि आगीसाठी ही वेगळी वाहिनी ठेवली. ती रोज वापरात असते, त्यामुळे बंद पडली तर गल्लीतल्या पोरालाही कळते.

इमारतीतल्या राइझरचे तसे नाही. लाल रंग ताजा, होजची गुंडाळी नीट. पाणी आहे की नाही ते आग लागल्यावरच समजते. एकदा आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडायला लावला. नुसती हवा फुसफुसली. पंप 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर केलेला होता. कधी, कुणी, नोंद नाही. सुभेदारसाहेब खाली बघत राहिले. पण तपासणीच्या रजिस्टरवर सही माझीच होती.

मग एप्रिल आला. 14 एप्रिल 1944 ला मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या वर्षापासून मी भाषण बंद केले. सर्वांत वरचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी येईपर्यंत सगळे तिथेच उभे राहतो.