‘गमत नाही’ याची नोंद कशी करावी?

मनाच्या आजाराने त्रस्त माणसाची शुश्रूषा ही शिकण्याची आणि शिकवण्याची गोष्ट आहे, हा विचार फार जुना नाही. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे. अमरावतीहून ते सुमारे दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. वऱ्हाडाला जवळचे म्हणावे असे तेच. लोक त्याला पागलखाना म्हणत आले. त्या काळच्या अशा संस्थांतून रुग्णाजवळ दिवसरात्र जो माणूस असे तो परिचारक नव्हे, राखणदार होता. कुलपे सांभाळायची, जेवू घालायचे, अंगावर धावून येणाऱ्याला आवरायचे. याला अंगात जोर लागतो, शिक्षण कशाला, अशीच समजूत होती.

ब्रिटनमध्ये ही समजूत थोडी आधी बदलली. तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १८८५ मध्ये राखणदारांसाठी एक छोटी मार्गदर्शिका काढली आणि १८९१ पासून परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. आपल्याकडे मात्र १९१२ चा वेड्यांसंबंधीचा कायदा आला, त्याचा रोख रुग्णाला आत कसे घ्यावे आणि बाहेर कधी सोडावे यावर होता. १९४६ साली भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात एक तुलना आहे. इंग्लंडमध्ये दर ३०० माणसांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट होती. भारतात सुमारे ४०,००० माणसांमागे एक. खाटांचीच ही स्थिती, तर खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या शिक्षणाचा विचार कोण करणार?

१९५२ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना प्रथम दिले गेले. आरडाओरडा कमी झाला आणि जो रुग्ण फक्त आवरायचा होता, त्याच्याशी बोलता येऊ लागले. त्याच वर्षी अमेरिकेत हिल्डेगार्ड पेपलाऊ या परिचारिकेचे परिचर्येतील परस्परसंबंधांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. हस्तलिखित चार वर्षे आधीच तयार होते. पण जोडीला एखाद्या डॉक्टरचे नाव नसताना परिचारिकेने पुस्तक लिहावे, हे तेव्हा प्रकाशकांना रुचत नव्हते. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातले नाते हाच उपचाराचा भाग आहे, असे पेपलाऊंचे म्हणणे होते. १९५४ मध्ये रटगर्स विद्यापीठात त्यांनी याच विषयाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले.

त्या विद्यार्थिनींकडून काय करून घेत, हे शिक्षकांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. रुग्णाशी झालेले बोलणे जसेच्या तसे लिहून काढायचे. एका रकान्यात रुग्ण काय म्हणाला, काय केले. दुसऱ्यात आपण काय म्हणालो. तिसऱ्यात आपल्याला काय वाटले, आपण काय अर्थ लावला. निरीक्षण आणि अनुमान यांची गल्लत होऊ द्यायची नाही, हा प्रयोगवहीचाच नियम. फरक इतकाच की, इथे निरीक्षण करणाराही निरीक्षणाखाली असतो. रुग्ण गप्प बसला तेव्हा आपण घाईने बोललो का? आपल्याच अस्वस्थतेमुळे विषय बदलला का? आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना उपकरणाची त्रुटी मोजायची सवय असते. या विद्येत उपकरण म्हणजे परिचारिका स्वतः. आपल्याकडच्या अभ्यासक्रमातही अशी नोंद करावी लागते.

भारतात बंगलोरला १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. तीच १९७४ पासूनची निम्हान्स. तिथे १९५६ साली प्रशिक्षित परिचारिकांसाठी मानसोपचार परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे भारतीय परिचर्या परिषदेने हा विषय सर्वसाधारण परिचर्या शिक्षणातही आणला. आता तो एम.एस्सी. नर्सिंगच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातली एक विशेष शाखा आहे. महाराष्ट्रात १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आले आणि असे शिक्षण त्याच्या कक्षेत गेले.

इथे आम्हाला एक अडचण दिसते. ऐकणे हेच ज्या विद्येचे मूळ, ती शिकवली जाते इंग्रजीतून. वऱ्हाडातला शेतकरी आपल्याला नैराश्य आले आहे असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, ‘मले गमत नाही’. पुण्याकडच्या माणसाला हे ‘करमत नाही’ वाटेल, आणि अर्थ तेवढाच असेलही. पण कधी त्यात घरात मन न लागणे असते, कधी भूक न लागणे, कधी पहाटे तीनला जाग येऊन छताकडे पाहत राहणे. नोंदवहीच्या पहिल्या रकान्यात विद्यार्थिनी हे वाक्य इंग्रजीत उतरवते, तेव्हाच अनुमान निरीक्षणात मिसळलेले असते. ‘टेन्शन हाये’ याचेही तसेच. शब्द इंग्रजी असला तरी अर्थ इथला आहे. त्यात कर्ज येते, मुलीचे लग्न येते, कपाशीवरची अळी येते.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात आले. गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्ते, प्रशिक्षण दिलेले समुपदेशक आणि गरज पडेल तिथे मनोविकारतज्ज्ञ, अशी रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी कार्यक्रमाबाहेरची गावे नव्हती; त्यामुळे सगळे श्रेय कार्यक्रमालाच देणे शास्त्राला धरून होणार नाही. पाऊसपाणी आणि बाजारभावही त्या काळात बदलतातच. तरीही मदत घेणारे सहापट व्हावेत, हे केवळ पावसाने होत नाही.

मग एवढे शिकलेल्या परिचारिकेने करायचे काय? गावातली कार्यकर्ती ऐकू शकते, पण तिच्या ऐकण्याकडे पाहणारे कोणी लागते. दर आठवड्याला तिच्यासोबत बसून, ‘इथे ती बाई रडली, तेव्हा तुम्ही काय केले?’ असे विचारणारे. पदव्युत्तर शिक्षणाचा खरा उपयोग इथे आहे, असे आमचे मत आहे. आज हे शिक्षण घेतलेल्या बऱ्याच जणी परिचर्या महाविद्यालयांत अध्यापनाकडे वळतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तालुक्याच्या गावी त्यांच्यासाठी जागाच नसते.

थोडे गणित करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या आकडेवारीनुसार भारतात दर लाख लोकसंख्येमागे मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या परिचारिका ०.८. २०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २८.९ लाख, अकोल्याची १८.१ लाख. सरासरीने वाटणी झाली तर अमरावतीच्या वाट्याला २३, अकोल्याच्या वाट्याला १४ किंवा १५. तालुके अनुक्रमे १४ आणि ७. म्हणजे तालुक्याला दीड-दोन. घरोघरी जाण्यासाठी ही संख्या हास्यास्पद आहे. कार्यकर्तींच्या नोंदी तपासण्यासाठी तितकीशी नाही. अर्थात सरासरी ही कागदावर. बहुतेक जणी मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत असतात.

शिवाय या १४ तालुक्यांत मेळघाटातले धारणी आणि चिखलदरा आहेत. तिथल्या कित्येक घरांत बोलणे कोरकूत चालते. त्या नोंदवहीच्या पहिल्या रकान्यासाठी परिचारिकेची वऱ्हाडीही कामाला येणार नाही.