पंच, पण कुठले?

'आपलेच दात आणि आपलेच ओठ' ही म्हण आपण घरातल्या भांडणापुरती वापरतो. ब्रिटिश पार्लमेंटने मात्र तीनशेहून जास्त वर्षं तिच्यावर कारभार चालवला. खासदाराने काही भानगड केली तर चौकशी कोणी करायची? खासदारांनी. शिक्षा कोणी ठरवायची? खासदारांनीच. या खोलीत साधे नागरिक म्हणून तीन माणसं पहिल्यांदा येऊन बसली ती जानेवारी २०१३ मध्ये. आणि त्यांना हात वर करून मत द्यायची परवानगी मिळायला आणखी सहा वर्षं लागली! त्या सहा वर्षांची गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आधी खासदारांची बाजू. कारण ही नुसती लबाडी नव्हती. १६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स पाच सभासदांना पकडायला शिपाई घेऊन थेट कॉमन्स सभागृहात शिरला होता. ती धास्ती पुढे कायद्यात उतरली. १६८९ च्या 'बिल ऑफ राइट्स'मधलं नववं कलम सांगतं, की सभागृहात जे बोललं-चाललं जातं त्याचा जाब कुठल्याही न्यायालयात विचारता येणार नाही. आपल्या राज्यघटनेतलं १०५ वं कलम याच कुळातलं. बाहेरच्याला आत घेऊ नका, हा नियम राजासाठी होता. नंतर राजाचा धाक गेला, नियम राहिला, आणि तो सगळ्यांनाच गैरसोयीचा वाटेनासा झाला.

१९९४ मध्ये 'द गार्डियन'ने छापलं, की लंडनच्या हॅरॉड्स दुकानाचे मालक मोहम्मद अल-फायेद यांच्याकडून पैसे घेऊन खासदार सभागृहात प्रश्न विचारतात. पंतप्रधान जॉन मेजर यांनी न्यायमूर्ती नोलन यांची समिती नेमली, आणि १९९५ पासून चौकशीसाठी एक स्वतंत्र आयुक्त आला. हा माणूस बाहेरचा खरा, पण त्याने चौकशी करून कागद समितीपुढे ठेवायचे. निकाल देणारी समिती खासदारांचीच.

(पैसे घेऊन प्रश्न म्हटलं की आपल्याला २००५ आठवतं. त्या डिसेंबरात छुप्या कॅमेऱ्यात सापडलेल्या अकरा खासदारांची संसदेतून हकालपट्टी झाली, त्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातले दोघे होते. आणि त्याच्याही आधी, १९५१ मध्ये, मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून लाभ घेतल्याबद्दल एच. जी. मुद्गल यांची चौकशी झाली. ठराव खुद्द नेहरूंनी आणला. मुद्गल यांनी मतदानाआधीच राजीनामा देऊन टाकला. दोन्ही वेळा काम झटपट झालं, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण दोन्ही वेळा न्याय देणारे खासदारच.)

मग आलं २००९. 'डेली टेलिग्राफ'ने मे महिन्यात खासदारांच्या खर्चाची बिलं रोज थोडी थोडी छापायला सुरुवात केली. कुणी आपल्या वाड्याभोवतीचा खंदक साफ करण्याचा खर्च दाखवलेला, तर एकाने तळ्यातल्या बदकांसाठी तरंगतं घर, १६४५ पौंड. गंमत म्हणजे हे बदकांचं बिल नामंजूर झालं होतं! पण लोकांच्या लक्षात राहिली ती बदकंच. सभापती मायकेल मार्टिन यांना जावं लागलं; १६९५ नंतर सभापतीला असं घालवण्याची ही पहिलीच वेळ. त्या नोव्हेंबरात सर ख्रिस्तोफर केली यांच्या समितीने इतर अनेक गोष्टींबरोबर सुचवलं, की शिस्तपालनाच्या समितीत सामान्य नागरिक घ्या.

सभागृहाने डिसेंबर २०१० मध्ये तत्त्वतः मान डोलावली. प्रत्यक्ष नियम झाले मार्च २०१२ मध्ये. जाहिरात काढून, मुलाखती घेऊन तीन जण निवडले. त्यातले एक जनावरांचे डॉक्टर होते. (पूर्वी खासदार किंवा लॉर्ड राहिलेला माणूस चालणार नाही, ही अट मला आवडली.) त्यांच्यापैकी निदान एक जण हजर असल्याशिवाय बैठक होणार नाही, आणि वाटलं तर ते आपलं वेगळं मत अहवालाला जोडू शकतील, असं ठरलं. पण मतदान नाही! कारण तेच नववं कलम. निवडून न आलेल्या माणसाने मत दिलं तर ते 'संसदेचं कामकाज' ठरेल का, उद्या कोणी कोर्टात गेलं तर काय, अशी शंका काढली गेली.

आपल्याकडे पंच दोन प्रकारचे असतात. एक गावचे, जे निवाडा देतात. दुसरे पोलिसांच्या पंचनाम्यातले, ज्यांनी 'आमच्यासमक्ष झालं' म्हणून सही करायची. ही तीन माणसं दुसऱ्या प्रकारची होती.

त्याची किंमत एप्रिल २०१४ मध्ये दिसली. सांस्कृतिक खात्याच्या मंत्री मारिया मिलर यांच्या घरखर्चाच्या प्रकरणात आयुक्तांचा हिशोब सुमारे ४५ हजार पौंडांचा होता. समितीने तो ५८०० वर आणला. बाईंनी सभागृहात अर्ध्या मिनिटात माफी मागितली आणि खाली बसल्या. आठवड्याच्या आत त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं, ते समितीमुळे नव्हे, लोकांच्या संतापामुळे. त्यानंतर मात्र चक्रं फिरली. नागरिक तीनाचे सात करायचं ठरलं, खासदारही सात. आणि ७ जानेवारी २०१९ ला त्यांना पूर्ण मताधिकार मिळाला. अध्यक्ष खासदार असतो आणि समसमान मतं पडली तरच तो मत देतो. म्हणजे प्रत्यक्षात सात विरुद्ध सहा, नागरिकांचं बहुमत! नवव्या कलमाचं काय झालं म्हणाल, तर आभाळ काही कोसळलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये याच समितीने ओवेन पॅटरसन या माजी मंत्र्याला दोषी धरलं. दोन कंपन्यांकडून वर्षाला एक लाख पौंडांहून जास्त पगार घेऊन ते त्यांच्यासाठी सरकारदरबारी खटपट करत होते. समितीची शिफारस तीस दिवस निलंबनाची. २०१५ च्या कायद्याने दहा किंवा त्याहून जास्त दिवसांचं निलंबन म्हणजे मतदारसंघात परत बोलावण्याच्या अर्जावर सह्या. ३ नोव्हेंबरला सरकारने काय करावं? शिक्षा थांबवून चौकशीची पद्धतच बदलायला नवी समिती नेमायचा ठराव २५० विरुद्ध २३२ मतांनी पास करून घेतला. दुसऱ्याच दिवशी ओरड झाल्यावर माघार, पॅटरसन यांचा राजीनामा, आणि डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत हुजूर पक्षाची जुनी गढी लिबरल डेमोक्रॅट्सकडे गेली.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की समितीच्या खोलीत बाहेरच्यांना मत मिळाल्यावर जुने दात-ओठ तिथून उठले आणि सभागृहात जाऊन बसले. शेवटचा शब्द सभागृहाचा, आणि तिथे नागरिक कुठे? याला एक उपाय त्यांनी दुसऱ्याच दारातून केला होता. छळ आणि दादागिरीच्या तक्रारींसाठी २०२० मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ मंडळात एकही खासदार नाही, आणि त्याने सुचवलेल्या शिक्षेवर सभागृहात चर्चा न होता थेट मतदान होतं. भाषण नाही, त्यामुळे मित्राला वाचवायला वकिलीही नाही. पीटर बोन यांना २०२३ मध्ये सहा आठवडे घरी बसवलं ते याच वाटेने.

एक खोली मात्र अजून जुनीच आहे. २०१३ मध्ये समितीचे दोन तुकडे केले, तेव्हा विशेषाधिकार समितीत नागरिक घेतलेच नाहीत. सभागृहाची दिशाभूल केल्याबद्दल बोरिस जॉन्सन यांची चौकशी तिनेच केली. सात खासदार, त्यात चार जॉन्सन यांच्याच पक्षाचे, आणि तरी जून २०२३ मध्ये त्यांनी एकमुखाने आपल्या माजी पंतप्रधानाला दोषी ठरवलं. नागरिक नसतानाही हे झालं, हे माझ्या सगळ्या युक्तिवादाच्या विरोधात जातं खरं. पण अहवाल बाहेर येण्याआधीच जॉन्सन राजीनामा देऊन मोकळे झाले होते, आणि जाताना समितीला खोटं न्यायालय म्हणून गेले. बाहेरचं कुणी त्या खोलीत नव्हतंच, त्यामुळे 'आमच्यासमक्ष झालं' असं सांगायला खासदारांशिवाय कोणी उरलं नाही.