देवघरातले श्वान आणि खिडकीतली मांजर

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी जी मराठी घरे उज्जैनीतच राहिली, त्यांच्या देवघरांत पुढे रविवर्मा प्रेसच्या तसबिरी आल्या. आता वाडे पाडताना त्या रद्दीत जातात. वाचकहो, तसे करण्यापूर्वी त्यांतले प्राणी एकदा नीट पाहा.

राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. सरस्वतीजवळचा मोर, लक्ष्मीजवळचा हत्ती, दमयंतीशी बोलणारा हंस, दत्ताच्या पायाशी गाय आणि चार श्वान असे सारे त्या चित्रांतून घरोघरी पोहोचले. प्रत्येकाला काही काम नेमून दिलेले. श्वान म्हणजे चार वेद, एवढे सांगितले की आपली नजर वर दत्ताकडे जाते.

जपानी चित्रकारांनी प्राण्याकडे निराळ्या नजरेने पाहिले. त्यांची चित्रे लाकडी ठशांची, आणि ठसे आपल्याला परके नाहीत. भैरवगडचे छिपे कापडावर तेच करतात: रंग तितके ठसे. तिकडे मात्र चित्र एकाचे, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा.

हिरोशिगेचे १८५७ सालचे एक चित्र घ्या. एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, एका माडीच्या खिडकीत पांढरी मांजर बसली आहे. गजांपलीकडे भातशेते, जत्रेला निघालेली माणसांची रांग, दूर फुजी पर्वत. आत माणूस दिसत नाही. पाण्याचे भांडे आणि पंचा दिसतो. माडी योशिवारा वस्तीतल्या कलावंतिणीची. तिथल्या बायकांना मनास येईल तेव्हा बाहेर पडता येत नसे. हे ठाऊक झाले की मांजरीची नजर जड होते. तरी ती कशाचेही प्रतीक म्हणून बसलेली नाही. मांजरासारखीच बसली आहे, पाठीची कमान करून. तिचा पांढरा रंग म्हणजे कोरा ठेवलेला कागद. चांगल्या प्रतींत तिच्या अंगावर रंगाविना नुसता ठसा दाबलेला असतो. कागद तिरपा धरला की तो उठून दिसतो. छापणाऱ्याने मांजरीसाठी केवढे कष्ट घेतले!

हे चित्र पाहिल्यावर मी घरच्या दत्ताच्या तसबिरीची काच पुसली. लहानपणापासून रोज हात जोडलेली तसबीर. चारांतला एक कुत्रा दत्ताकडे पाहतच नाही. मान वळवून गायीकडे पाहतो आहे.